मोझांबिक: आठ टक्क्यांनी वाढलेला गरीब देश

आपल्या कोकण किनाऱ्यावरून अरबी समुद्रात नैऋत्येला जात राहिलं की शेवटी आफ्रिकेचा जो लांबलचक किनारा लागतो, त्यातला जवळजवळ अडीच हजार किलोमीटरचा पट्टा मोझांबिकचा आहे. 1992 साली तिथलं यादवी युद्ध थांबलं आणि पुढची वीस-बावीस वर्षं या देशाची अर्थव्यवस्था दरवर्षी सरासरी सात-आठ टक्क्यांनी वाढत राहिली. या वेगाने नऊ-दहा वर्षांत देशाचं उत्पन्न दुप्पट होतं. जागतिक बँक आणि नाणेनिधीवाले तेव्हा कौतुकाने सांगायचे, युद्धातून उठलेला देश कसा असावा तर असा.

आज त्याच देशाचं माणशी वार्षिक उत्पन्न सहा-साडेसहाशे डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे भारताच्या साधारण पाव हिस्सा. जगातल्या सर्वांत गरीब देशांच्या यादीत त्याचं नाव कायम तळाला असतं आणि साठ टक्क्यांहून जास्त लोक दारिद्र्यरेषेखाली आहेत. सुरुवात फार खालून झाली हे खरं, लोकसंख्या वर्षाला पावणेतीन-तीन टक्क्यांनी वाढते हेही खरं. पण एवढ्याने कोडं सुटत नाही. त्यासाठी वाढीच्या दरापलीकडची एक गोष्ट बघावी लागते, तिला अर्थशास्त्रज्ञ संरचनात्मक बदल म्हणतात. नाव जड आहे, प्रश्न साधा आहे: देशातली माणसं पोटासाठी काय करतात आणि ते बदलतंय का?

मोझांबिकमध्ये काम करणाऱ्या दर शंभर माणसांपैकी सत्तरच्या आसपास आजही शेतीत आहेत. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र साधारण चौथाई. म्हणजे सत्तर जण मिळून पंचवीस रुपये काढतात आणि उरलेले तीस जण पंचाहत्तर. भागाकार करून बघा: शेतीबाहेरचा माणूस शेतीतल्या माणसाच्या सातपट उत्पन्न काढतो. त्यामुळे कुणाचंही कौशल्य वाढलं नाही, नवं यंत्र आलं नाही, तरी नुसता एक माणूस शेतीतून दुसरीकडे गेला की देशाचं उत्पन्न वाढतं. दक्षिण कोरिया, तैवान, अलीकडे व्हिएतनाम यांच्या भरभराटीत या सरकण्याचा वाटा मोठा आहे. तिथे शेतातून निघालेली माणसं कपड्यांच्या, बुटांच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत गेली. मोझांबिकमध्ये युद्ध संपलं तेव्हा शेतीतल्यांचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे माणसं सरकली, पण फार सावकाश, आणि जिथे जायला हवी होती तिथे गेली नाहीत.

थोडं मागे जाऊ. पोर्तुगीजांच्या काळात 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून, तिथल्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालायचा, आणि गोंयकार मंडळींची तिथे ये-जा पुढेही कधी थांबली नाही. 25 जून 1975 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्या जवळच्या सल्लागारांत बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा होते. 1986 च्या ज्या विमान अपघातात माशेल गेले, त्यातच तेही गेले.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त लोक निरक्षर होते. दोन लाखांच्या आसपास पोर्तुगीज देश सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर डॉक्टर, इंजिनिअर, दुकानदार, इंजिनचालकसुद्धा गेले, कारण ही कामं स्थानिकांना शिकवलीच गेली नव्हती. दोन वर्षांत युद्ध पेटलं. सत्तेवर फ्रेलिमो हा पक्ष, समोर रेनामो ही बंडखोर संघटना. रेनामोला आधी ऱ्होडेशियाने, म्हणजे आजच्या झिंबाब्वेने, उभं केलं, नंतर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने पोसलं. तिचं लक्ष्य ठरलेलं होतं: रेल्वेमार्ग, विजेचे मनोरे, शाळा, दवाखाने, गावातली दुकानं. दुकान जळलं की शेतकऱ्याला माल विकायला जागा नाही, म्हणून तो पोटापुरतंच पिकवणार. पंधरा-सोळा वर्षांत युद्धाने आणि दुष्काळाने मिळून दहा लाखांच्या घरात माणसं गेली असं मानलं जातं. 17 लाख लोक शेजारच्या देशांत, त्यातले बहुतेक मलावीत, निर्वासित झाले. 4 ऑक्टोबर 1992 ला रोममध्ये करार झाला आणि संयुक्त राष्ट्रांची फौज देखरेखीला आली. तिच्यात भारताची तुकडीही होती.

युद्धानंतरची पहिली वाढ जवळजवळ सगळीकडे अशीच येते: निर्वासित घरी परततात, पडीक शेतं पुन्हा कसली जातात, रस्ता उघडतो, ट्रक फिरायला लागतात, बाजार भरतो. आकडा झपाट्याने वर जातो, कारण तुलना उद्ध्वस्त झालेल्या वर्षाशी असते. त्यात परदेशी मदतीचा ओघ. सरकारी खर्चाचा निम्म्याच्या आसपास भाग बरीच वर्षं देणगीदार देशांच्या पैशातून चालला आणि जुन्या कर्जाचा मोठा भाग माफही झाला. या वाढीला कुणी फुगवटा म्हणेल, मी म्हणणार नाही. ती लहान शेतकऱ्याच्या शेतातून आली होती, म्हणून त्याच्या घरापर्यंत पोहोचली. 1996-97 मध्ये 69 टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, 2002-03 मध्ये 54 टक्के. सहा वर्षांत पंधरा टक्क्यांचा फरक कुठल्याही देशाला अभिमान वाटावा असाच. पुढच्या पाहणीत मात्र, 2008-09 मध्ये, हा आकडा जवळपास तिथेच थांबलेला दिसला, आणि देश त्याही काळात सात टक्क्यांनी वाढत होता.

मधे काय झालं? मोझाल झाला.

राजधानी मापुतोजवळ बेलुलुआनेला 2000 साली मोझाल हा ॲल्युमिनियमचा प्रचंड कारखाना सुरू झाला. पहिल्याच टप्प्यावर एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला. मालकी बीएचपी बिलिटन, जपानची मित्सुबिशी आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी वित्तसंस्थेची. मोझांबिक सरकारचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास. काही वर्षांतच देशाच्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त वाटा या एका कारखान्याचा झाला. आकडेवारीच्या भाषेत शेतीप्रधान देशात उद्योग आला, संरचना बदलली.

आता कारखान्याच्या आत बघू. कच्चा माल, म्हणजे अल्युमिना, ऑस्ट्रेलियातून जहाजाने येतो. तयार धातू जहाजाने बाहेर जातो. वीज दक्षिण आफ्रिकेच्या एस्कॉमकडून, आणि ती एवढी की सुरुवातीच्या काळात बाकी सगळ्या देशाला मिळून लागायची त्याहून कितीतरी जास्त. गंमत अशी की मोझांबिककडे झांबेझी नदीवर काहोरा बासा हे दोन हजार मेगावॉटचं धरण आहे, पण तिथली बहुतेक वीज जुन्या करारांनुसार दक्षिण आफ्रिकेला जाते आणि तिकडून फिरून मापुतोला येते. कारखान्यात कायमच्या नोकऱ्या अकराशेच्या आसपास. नफ्यावरचा कर माफ, त्याऐवजी विक्रीच्या एक टक्क्याएवढी रक्कम सरकारला.

पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाना उभा राहिला तेव्हा ऊस भोवतालच्या शेतातला होता, वाहतूकदार तालुक्यातले होते, सभासदांच्या हातात बिल पडत होतं, पाठोपाठ पतपेढी, शाळा, इंजिनिअरिंग कॉलेज आलं. त्यात राजकारण किती आणि तोडणी कामगारांची परवड किती हे आपल्याला माहीत आहे, पण पैसा गावात फिरला. मोझालमधून फिरण्यासारखा पैसा बाहेर फारच थोडा पडला. देशाच्या सकल उत्पादनात त्याची पूर्ण मोजदाद होते, नफा मात्र मालकांच्या देशात जातो. सकल उत्पादन देशाच्या हद्दीत काय तयार झालं ते मोजतं, ते कुणाच्या खिशात गेलं हे मोजत नाही. म्हणून परदेशी मालकीच्या मोठ्या प्रकल्पांवर वाढणाऱ्या देशाचा वाढीचा दर जरा हातचं राखून वाचावा.

आणि असा उद्योग गेला तर एका फटक्यात जातो. मोझाल आता ज्यांच्याकडे आहे त्या साउथ32 कंपनीने 2025 मध्ये सांगितलं की मार्च 2026 मध्ये विजेचा करार संपतोय, परवडेल असा नवा करार होत नाही, त्यामुळे कारखाना बंद ठेवावा लागेल.

तेते प्रांतातल्या कोळशाची कथा थोड्या फरकाने तीच. ब्राझीलच्या वाले कंपनीने मोआतिझेला खाण काढली, 2011 मध्ये निर्यात सुरू झाली. हजाराहून जास्त कुटुंबं हलवून कातेमेसारख्या वस्त्यांत बसवली गेली. जमीन खडकाळ, पाणी दूर, जानेवारी 2012 मध्ये लोकांनी कोळशाची रेल्वे अडवली. शेजारची खाण रिओ टिंटोने 2011 मध्ये जवळजवळ चार अब्ज डॉलरच्या सौद्यात घेतली. कोळसा झांबेझीतून तराफ्यांनी समुद्रापर्यंत न्यायचा बेत होता, त्याला सरकारने परवानगी नाकारली, रेल्वे अपुरी, भाव पडले. 2014 मध्ये ती पाच कोटी डॉलरला विकली, घेणारी आपल्याकडच्या सरकारी कंपन्यांची आयसीव्हीएल. वालेची खाणही पुढे जिंदाल घराण्याच्या कंपनीकडे आली. भारतीय भांडवल या देशात किती खोलवर आहे हे आपल्याकडे फारसं कुणाच्या गावी नसतं.

पण माझ्या मते या सगळ्यात सर्वांत बोलका धडा काजूचा आहे, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. काजू ब्राझीलहून पोर्तुगीजांनीच गोव्यातही आणला आणि मोझांबिकमध्येही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जगात सर्वांत जास्त काजू मोझांबिक पिकवत होता, वर्षाला दोन लाख टनांवर, आणि काजूगर काढण्याचे मोठे कारखाने तिथे चालत होते. युद्धात झाडं म्हातारी झाली, नवी लागली नाहीत, उत्पादन कोसळलं. तरी कारखाने तग धरून होते. कच्च्या बियांच्या निर्यातीवर कर होता, त्यामुळे बी देशातच राहायची आणि कारखान्यांना स्वस्त मिळायची.

1990 च्या दशकाच्या मध्यावर जागतिक बँकेने कर्जाला अट घातली: हा कर उतरवा. तर्क पुस्तकात बिनचूक होता. कर गेला की बी भारतात जाईल, शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल, अकार्यक्षम कारखाने बंद पडले तर पडू देत, कामगार दुसरीकडे जातील. बी भारतात गेली, मुख्यतः केरळच्या कारखान्यांकडे. मोझांबिकमधले कारखाने बंद पडले आणि दहा-अकरा हजार कामगारांपैकी नव्वद टक्के घरी बसले. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. अर्थशास्त्रज्ञ डॅनी रॉड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला, तेव्हा काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाचा फायदा निघाला वर्षाला जेमतेम 5.30 डॉलर. कारण गावापासून बंदरापर्यंत व्यापाऱ्यांची साखळी होती, वाढीव भाव तिच्यात जिरला. आणि कामगार ‘दुसरीकडे’ गेले नाहीत, कारण दुसरीकडे काही नव्हतंच.

संरचनात्मक बदलाबद्दल समजून घेण्यासारखी ही मोठी गोष्ट आहे: तो उलटाही होतो. कारखान्यातून माणूस परत शेतात किंवा फुटपाथवर येतो. पुढे सरकारने निर्यात कर पुन्हा वाढवला आणि नामपुला प्रांतात लहान लहान काजू कारखाने नव्याने उभे राहिले. पण मधल्या काळात मोडलेलं सगळं काही परत आलं नाही.

मग शेतीतून जी माणसं निघाली ती गेली कुठे? बहुतेक शहरात, आणि शहरात छोट्या धंद्यात. मापुतोत रस्त्याकडेला टोमॅटोचे वाटे लावणारी बाई, मोबाइलचं रिचार्ज विकणारा पोरगा, ‘शापा’ म्हणतात त्या खच्चून भरलेल्या मिनीबसचा कंडक्टर, जुन्या कपड्यांच्या गाठी फोडून विकणारे. आकडेवारीत हे सगळे ‘सेवा क्षेत्र’. शेतीपेक्षा इथे कमाई बरी, म्हणून सुरुवातीला माणूस सरकला की देशाची उत्पादकता खरंच वाढते. पण पाच टोमॅटोवाल्यांच्या शेजारी सहावी बसली की गिऱ्हाईक वाढत नाही, वाटलं जातं. कारखान्याला जगभर गिऱ्हाईक असतं, फुटपाथवरच्या धंद्याला त्याच गल्लीतलं. देशाच्या उत्पन्नात कारखानदारीचा वाटा मोझालच्या ऐन भरात वर गेला होता, तो आता पुन्हा दहा टक्क्यांच्या खाली आहे.

राहिली शेती. सरासरी शेत दीड हेक्टरच्या आसपास, अवजार बहुतेकांकडे हाताचं कुदळ, खत वापरणारे शंभरात मोजके. मक्याचं उत्पादन हेक्टरी जेमतेम एक टन. जमीन सगळी सरकारच्या मालकीची, शेतकऱ्याला कसण्याचा हक्क. त्यामुळे जमीन हातची सहज जात नाही, पण तिच्यावर कर्जही मिळत नाही. शिवाय वसाहतीच्या काळात बांधलेले रेल्वेमार्ग सगळे बंदरातून आत, शेजारच्या देशांकडे जाणारे: मापुतोहून जोहान्सबर्गकडे, बेइराहून झिंबाब्वेकडे, नकालाहून मलावीकडे. दक्षिणोत्तर रेल्वे नाहीच. दक्षिणोत्तर मुख्य रस्त्यानेही झांबेझी ओलांडायला 2009 पर्यंत कायाला फेरीबोटीची वाट बघावी लागायची. उत्तरेत मका जास्त झाला तरी मापुतोला तो दक्षिण आफ्रिकेतून आणणं स्वस्त पडतं.

याच उत्तरेकडच्या शेतात आपली तूर आहे. 2015 मध्ये आपल्याकडे तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली. पुढच्या जुलैत पंतप्रधान मापुतोला गेले आणि डाळींचा करार झाला: पहिल्या वर्षी एक लाख टन, मग वाढवत पाचव्या वर्षी दोन लाख टन. मुंबईच्या बाजारात ‘गजरी’ म्हणून जिचा भाव सांगतात ती हीच मोझांबिकची तूर. तिथली काढणी ऑगस्टच्या पुढे येते, नेमकी आपला साठा संपत आलेला असतो तेव्हा. झांबेझिया, नामपुला भागातल्या लाखो लहान शेतकऱ्यांना हे नगदी पीक मिळालं. स्थानिक ताटात तूर फार नाही, बहुतेक सगळी भारतासाठीच पिकते.

मग 2017 आलं. आपल्याकडे तुरीचं विक्रमी पीक झालं. विदर्भ-मराठवाड्यात खरेदी केंद्रांपुढे लागलेल्या रांगा आणि संपलेला बारदाना अनेकांना आठवत असेल. सरकारने आयातीवर मर्यादा घातली. करारातली तूर त्यातून सुटली, तरी त्याहून जास्त पेरा झालेला होता आणि तिकडे भाव कोसळला. दर्यापूरचा शेतकरी आणि झांबेझियातल्या गुरुएचा शेतकरी एकाच वर्षी, एकाच पिकात बुडाले. इथल्याला निदान हमीभावासाठी ओरडायला सरकार होतं. तिथे डाळ मिल जवळजवळ नाहीत, देशात गिऱ्हाईक नाही, विकत घेणारा एकच देश. पीक नवं आलं, पण माल कच्चाच जातो आणि त्यावरचं काम अकोला-लातूरच्या मिलांत होतं. आपल्यासाठी हे सोयीचं आहे, ते मान्य करूनच पुढे बोलावं.

वेगाची घोडदौड 2016 मध्ये थांबली. 2013-14 मध्ये तीन सरकारी कंपन्यांच्या नावावर, मासेमारीची आणि गस्तीची जहाजं घ्यायची म्हणून, दोन अब्ज डॉलरची कर्जं उचलली गेली होती. त्यातली बरीचशी संसदेपासून आणि नाणेनिधीपासून लपवलेली. देशात समुद्राखाली वायू सापडला होता, उद्या श्रीमंत होणारच या भरवशावर सावकारही उदार झाले. एप्रिल 2016 मध्ये हे बाहेर आलं, मदत थांबली, मेतिकाल हे चलन गडगडलं, वाढीचा दर निम्म्यावर आला. कर्जं उचलली तेव्हाचे अर्थमंत्री मान्युएल चांग यांना 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. मार्च 2019 मध्ये इदाई चक्रीवादळाने बेइरा शहर उद्ध्वस्त केलं, ते वर आणखी.

वायूचं म्हणाल तर तो काबो देल्गादो प्रांताच्या समुद्रात आहे, देशाच्या अगदी उत्तरेला. मोठ्या प्रकल्पांपैकी एकात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांचा मिळून 30 टक्के वाटा आहे. ऑक्टोबर 2017 पासून त्याच प्रांतात सशस्त्र बंड सुरू आहे. बंडखोर धर्माची भाषा बोलतात. त्यांच्या रांगेत कोण जातं हे बघितलं तर मासेमारी आणि माणिकाच्या खाणींतून हुसकावले गेलेले, काम नसलेले स्थानिक तरुण बरेच दिसतात. मार्च 2021 मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि वायूचा प्रकल्प उभारणाऱ्या टोटल एनर्जीज या फ्रेंच कंपनीने काम थांबवलं. चार वर्षांहून जास्त काळ ते ठप्प होतं, 2025 च्या अखेरीस पुन्हा सुरू करण्याच्या हालचाली झाल्या. ऑक्टोबर 2024 च्या निवडणुकीनंतर तर शहरांतही महिनोन्‌महिने तरुण रस्त्यावर होते, शेकडो माणसं मारली गेली. या देशातली निम्मी लोकसंख्या अठराच्या आतली आहे आणि दरवर्षी पाच लाखांच्या आसपास नवी माणसं काम शोधायला बाहेर पडतात. वायूचे प्रकल्प उभे राहून स्थिरावले की त्यांत कायमच्या नोकऱ्या लागतात काही हजार.

डिसेंबर 2023 मध्ये संसदेने कायदा केला: पहिली पंधरा वर्षं वायूच्या महसुलातले 40 टक्के राखीव निधीत, 60 टक्के सरकारच्या नेहमीच्या अर्थसंकल्पात. चर्चा सगळी त्या चाळीस टक्क्यांची होते, ते सुरक्षित राहतील का, कुणी हात मारेल का. मला साठ टक्क्यांची जास्त उत्सुकता आहे. त्यातून नामपुलाच्या शेतापर्यंत खत आणि रस्ता जातो का, काजूच्या आणि तुरीच्या कारखान्याला परवडणारी वीज मिळते का, की तो पैसा पगार आणि व्याजातच संपतो, हे पुढच्या काही अर्थसंकल्पांत दिसायला लागेल.